भरल्याशिवाय न निघणारा ऑटो

आदिलाबादहून इचोड्याला जायला हवी तेव्हा बस मिळते. पण याच शहराच्या दुसऱ्या टोकाला माझी बहीण राहते, तिच्याकडे जायला एक बस नाही. आहे तो शेअर ऑटो, आणि तो भरल्याशिवाय जागचा हलत नाही.

हैदराबादला मुलानं मला मेट्रोत बसवलं होतं. जवळजवळ अख्खा डबा रिकामा, तरी दारं मिटली आणि गाडी निघाली. मी म्हटलं, "आपल्याकडे असं काऊन नाही?" तो हसला. "आई, एवढ्याशा गावाले मेट्रो कोण देते?" मला रागच आला. मेट्रो कोण मागून राह्यलं? रिकामी असली तरी निघणारी एक बस द्या म्हणते मी.

हे होते तोवर आम्ही दोघं ऑटोत बसायचो आणि बोलता बोलता तो भरून जायचा. काल दुपारी मी एकटीच बसले होते. बहिणीचा फोन येऊन गेला, "निघाली काय वं?" ऑटोवाला नवीन होता. वैतागून त्यानं मागं वळून विचारलं, "मावशी, एकट्याच हाय का सोबत कोणी हाय?"

"हे येऊन राह्यले," मी म्हणाले, आणि आमच्या गल्लीकडे बघत बसले.