संपलंशेटांचा ढीग

आमच्या दुकानात माल कधी साठला नाही, किस्से मात्र पोत्यांनी साठले. कोणी चहाला येऊन बसलं की एक निघतो, त्याचा हात धरून दुसरा येतो, आणि घरची माणसं 'झालं यांचं सुरू' म्हणत आत निघून जातात. जाऊ देत. तुम्ही बसा.

दुकान जळगावात, बाजारपेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी. मालक दोघं. एक माझे थोरले चुलतभाऊ नाना, दुसरा मी. धंदा सणासुदीच्या मालाचा. पोळ्याला बैलांच्या घुंगुरमाळा, दिवाळीला फटाके, थंडीत घोंगड्या, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्याचे दोर. ज्या दिवशी ज्या वस्तूची गरज, त्या दिवशी ती आमच्याकडे हमखास संपलेली असायची!

नाना सरळ माणूस. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आतच हात जोडून 'संपलं' म्हणायचे, उगाच कशाला त्याला उन्हात चढायला लावा! लोकांनी त्यांचं नावच संपलंशेट पाडलं. एकदा चोपड्याहून एक पाहुणे आले. त्यांनी स्टेशनवर टांगेवाल्याला दुकानाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, बोळ सांगितला. त्याला काही उमगेना. शेवटी पाहुणे म्हणाले, "अहो, ज्यांच्याकडे कधी काही मिळत नाही ते." टांगेवाल्यानं लगेच घोडा वळवला.

* * *

नानांचं धोरण साधं होतं. गेल्या साली संपलं ना, मग यंदा भरपूर आणा. गेल्या साली उरलं ना, मग यंदा बेतानं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण थंडी काही आमच्या गेल्या सालाची चौकशी करून पडत नसे.

एका हिवाळ्यात थंडी आलीच नाही. घोंगड्यांच्या थप्पीवर बसून आम्ही दोघांनी अख्खा मोसम काढला. पुढच्या साली नानांनी बेतानं आणल्या, आणि सातपुड्याकडून असा वारा सुटला की केळीची पानं काळी पडली. दुपारपर्यंत दुकान साफ. संध्याकाळी एक म्हातारे शेतकरी कुडकुडत पायरीशी आले. नानांनी सवयीनं हात जोडले. म्हाताऱ्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मग हाई काय शे?"

ती नानांच्या अंगावरची घोंगडी होती.

नाना उपरणं गुंडाळून, दात वाजवत घरी पोचले. अक्का, म्हणजे नानांची बायको, दारातच होत्या. त्यांनी एकदा नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "आज धंदा चांगला झाया वाटतं."

* * *

दिवाळीचं गणित निराळं. खानदेशात कापसाला भाव आला की फटाके उडतात, नाही आला की नुसत्या पणत्या. म्हणून नाना भाव कळेपर्यंत फटाके मागवत नसत. अक्कल चांगली होती, पण ती बाजारपेठेतल्या प्रत्येकाला होती! एका साली भाव असा काही चढला की सगळ्या दुकानदारांनी एकाच दिवशी तारा ठोकल्या. माल मालगाडीत अडकला. आमच्या समोरचे दुकानदार भाऊ तेवढे आधीच भरून बसले होते, ते दिवाळीभर ओट्यावर उभं राहून आमच्याकडे बघून हसत होते.

आमच्या पेट्या दिवाळी उलटल्यावर उतरल्या. घेणार कोण? शेवटी नानांनी त्या बोळात वाटून टाकल्या. त्या साली आमच्या बोळातल्या तुळशीचं लग्न असं दणक्यात लागलं की संस्थानातलं कोणी आलंय की काय म्हणून लोक बघायला आले. भाऊंच्या ओट्यावरची तुळस बिचारी शांतपणे उजवली गेली. तेवढंच आम्हांला समाधान!

* * *

पोळ्याच्या आदल्या दिवशी नानांना माणुसकीचा उमाळा आला. घुंगुरमाळा कमी होताना दिसल्या, तर लोकांना आधी सांगून ठेवावं म्हणून ते पायरीवर उभे राहून ओरडू लागले, "घाई करा, थोड्याच उरल्यात."

झालं! एका जोडीपुरत्या माळा घ्यायला आलेला माणूस भावासाठी, मेव्हण्यासाठी, शेजाऱ्यासाठी घेऊ लागला. मला रेटून लोक आत शिरले. एका जवान गड्यानं माळा छातीशी धरल्या. तो ओळखीचा होता, म्हणून मी विचारलं की बाबा, तुझ्याकडे बैल कधी आले?

तो म्हणाला, "बैल नंतर लिसू. माळा संपी जातीन."

दुकान तासाभरात रिकामं. मग आले ज्यांच्याकडे खरोखर बैल होते ते. त्यांना नानांनी हात जोडले, आणि पोळा झाल्यावर अर्धी गर्दी जास्तीच्या माळा परत करायला आली. नाना बराच वेळ त्या माळांकडे बघत बसले होते. माल होता, लोकही होते, तरी संपलंच कसं, हे त्यांना काही केल्या उमजेना. मलाही उमजलं नव्हतं.

* * *

इथवर हसण्यावारी होतं. पण नानांची लेक सिंधू लग्नाची झाली. मुलगी गुणी, हसतमुख, माझी तर लाडकीच. धुळ्याचं एक स्थळ आलं. मुलगा उत्तम, घरदार उत्तम, मुलाचे वडील आबा बोलायला मोकळे. मुलगी पसंत पडली. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात आबांनी सहज विचारलं की बाजारपेठेत ज्यांना संपलंशेट म्हणतात ते आपणच का?

नानांनी मान हलवली. खोटं बोलता येतच नव्हतं त्यांना.

आबा हसतच म्हणाले, "मग नाना, लग्नात आमच्या माणसांना जेवण पुरेल ना?"

माणसं हसली. नानाही हसले, पण त्यांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. आबांनी सुपारी फोडली नाही. आखाजीला ते जळगावाशेजारच्या मेहरूणला बहिणीकडे येणार होते, तेव्हा सांगू म्हणाले. सिंधूनं आतून सगळं ऐकलं होतं. ते मला फार लागलं. एका शब्दापायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं!

* * *

आता आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाच्या झाडांना झोके बांधतात, दिवसभर गाणी. घरटी एक दोर हवाच. नाना हट्टाला पेटले. यंदा शेवटचं गिऱ्हाईक येईपर्यंत दोर संपला नाही पाहिजे. पण दिवस लढाईचे, मालगाडीत जागा मिळेना. मागवलेल्या मालातला निम्माच उतरला. समोर भाऊंकडे मात्र कोठीभर दोर.

त्या दिवशी नाना जेवायला बसले आणि ताटावरून उठायला लागले. अक्कांनी त्यांना हात धरून खाली बसवलं. त्या चोपड्याकडच्या, गावच्या पंगती वाढण्यात हयात गेलेली. म्हणाल्या, "पंगतमा भांडाना तळ दखाडाना नही. तळ दखा का बठ्ठा दोनदा मांगतस. भरेल भांडं दखं का मानूस पोटपुरतंच लेस."

तळ दिसला की सगळेच दोनदा मागतात, हे ऐकून नाना घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मग दोघंही माझ्याकडे बघू लागले, आणि मी कडबा आणायला निघालो.

आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर माणूसभर उंचीचा ढीग उभा होता. आत कडबा, त्यावर गोणपाट, आणि गोणपाट झाकेल अशी दोरांची वेटोळी. नानांना मात्र रुखरुख, ही फसवणूक तर नाही? अक्कांनी निरोप पाठवला की ज्याला एक दोर पाहिजे त्याला एक मिळणारच आहे, मग फसलं कोण?

लोक येत, ढिगाकडे बघत आणि निवांत एक दोर उचलत. कोणी दुसऱ्याला हात लावला नाही. काही तर 'इथं काय, संध्याकाळीही मिळेल' म्हणून आधी बाजार करायला गेले. दोर कमी होत तसे मी उरलेले पसरून ठेवत होतो. समोर भाऊंनी माल कोठीत ठेवून बाहेर दोन-चारच दोर टांगले होते. ते पाहून लोकांना धीर निघेना. ज्याला एक हवा तो तीन नेत होता, आणि भाऊ खुशीत देत होते. दुपार कलली आणि आजवर फक्त आमच्याच ओट्यावरून निघालेला शब्द मी समोरच्या ओट्यावरून ऐकला.

"संपलं," भाऊ म्हणाले.

खरं सांगतो, मला त्या क्षणी ओट्यावर नाचावंसं वाटलं! भाऊंकडून परतलेले सगळे आमच्याकडे वळले. मी पसरत होतो, नाना देत होते. उन्हं उतरली तेव्हा ढिगाच्या माथ्यावर एकच वेटोळं उरलं होतं. आणि पायरी चढत होते धुळ्याचे आबा. बहिणीच्या लेकी माहेरी आल्या होत्या, दोर कुठंच मिळाला नव्हता. समोरच्या ओट्यावर भाऊ, रस्त्यात गिऱ्हाइकं, सगळे बघत होते.

आबांनी ढीग पाहिला. मग नानांकडे वळून विचारलं, "संपलं का?"

"किती पाहिजेत?" नाना म्हणाले.

"एकच."

मी पुढे व्हायच्या आत आबांनी स्वतःच हात घालून दोर उचलला. त्याबरोबर गोणपाट सरकलं आणि खालून कडबा वर आला. नानांचा चेहरा पांढराफटक पडला.

आबा क्षणभर कडब्याकडे बघत राहिले. मग रस्त्याकडे पाठ केली, गोणपाट ओढून घेतलं, कडब्यावर नीट पसरलं आणि वरून थोपटून सारखं केलं. मग समोर भाऊंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माल त भलता भरेल शे नाना, तुम्हनाकडे."

दोर खांद्यावर टाकून ते पायऱ्या उतरले, अर्ध्यावर थांबले, आणि हळूच म्हणाले, "तिथी काढा. पंगत पुरी पडी."