खांबाशेजारची जागा

औंढ्याला गाइड घेऊन जायचं ही कल्पना माझ्या लेकीची. ती परदेशात राहते आणि तिथे बसून आम्हा दोघींची काळजी करते. तिने फोनवरूनच सगळं ठरवलं. नांदेड स्टेशनवरून गाडी, सोबत माहीतगार माणूस, पाण्याच्या बाटल्या, संध्याकाळी परत स्टेशनवर. तिने पाठवलेल्या कागदावर ‘खाजगी सहल’ असं लिहिलं होतं. ते मी मायला वाचून दाखवलं तेव्हा ती भडकलीच.

“मी जवळा बाजारची. उभा जन्म औंढ्याला जाण्यात गेला. आन मला औंढं दाखवायला माणूस?”

माय म्हणजे माझी आई. वय एकोणऐंशी. बाबा गेल्यापासून पुण्यात माझ्याकडे असते आणि माझं घर चालवते. गॅसची टाकी संपली की मी उठायचं नाही, माझ्या नवऱ्याने उठायचं नाही. ती स्वतः खाली बसते, रेग्युलेटर काढते, नवीन टाकीवर बसवते, खटका नीट वाजला की मगच हात काढते. गुडघे कुरकुरतात, पण ही एक गोष्ट ती सोडत नाही. “तुझ्या बाबांनी शिकवलंय,” असं दर वेळी वर ऐकवते. मी म्हणते, त्यात काय एवढं, सगळ्यांना येतं. मग दोन तास अबोला.

गाइडवरून कितीही कटकट केली तरी तिला औंढ्याला जायचंच होतं. तिला माफी मागायची होती. हे तिने मला दिवाळीच्या फराळाचे डबे भरताना सांगितलं, अगदी सहज. “एकदा खाली उतरून मापी मागून येते. मग मी मोकळी.” कशाची माफी ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

औंढ्याचा देव जमिनीखाली आहे. वर केवढं तरी दगडी देऊळ, भिंतींवर हत्ती, नर्तकी, शिकारी. पण नागनाथ बघायचा तर सभामंडपातल्या एका अरुंद तोंडातून खाली उतरावं लागतं. पायऱ्या उभ्या आणि छत इतकं खाली, की ताठ उभं राहिलं तर डोकं आपटतं. आम्ही उतरायचो ते शिडी उतरावी तसं, तोंड पायऱ्यांकडे करून. खाली समईचा उजेड, दगड दमट, हवा गरम. बेलाचा, दुधाचा, घामाचा एकत्र वास. लहानपणी मला तो वास फार आवडायचा. आजही कुठे ओल्या दगडावर दूध सांडलेलं दिसलं की मी क्षणभर आठ वर्षांची होते.

आम्ही वर्षातून एकदा जायचो, श्रावणात, पण सोमवारी कधीच नाही. मायचं म्हणणं, सोमवारी देवाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आपलं काय ऐकणार तो? म्हणून शेवटचा सोमवार झाला की मंगळवारी दुपारी. एसटीने औंढा, दर्शन, चहा, आणि परत जवळा. आणि दुसरं असं, की माय देवाशी मनातल्या मनात बोलायची नाही. तोंडाने सांगायची, तेही खणखणीत. दिवसभर लोक त्याच्या कानाशी घोकत असतात, त्याला मनातलं ऐकू येईल कशावरून, असा तिचा रोकडा हिशोब. मी शेजारी बसून लाजेने चूर व्हायचे. पुजारी गालातल्या गालात हसायचा.

बाबा खाली उतरायचे नाहीत. ते बाजार समितीत मापाडी होते. दिवसभर काट्यापाशी उभं राहून मोठ्याने वजनं पुकारायची, त्यामुळे असेल, घरी आले की तोंडाला कुलूप. औंढ्याला आले तरी त्या तोंडाजवळच्या खांबाला टेकून बसायचे, मांडीवर पिशव्या, शेजारी छत्री. “पिशव्या कोण सांभाळील?” एवढंच कारण. खरं म्हणजे बंद जागेत त्यांचा जीव घाबरायचा. माय वर आली की पदराचं ओलं टोक त्यांच्या डोळ्यांना लावायची. तेवढंच त्यांचं दर्शन. मग ते विचारायचे, “चहा घ्यायचा ना?”

मायचा नागनाथ मात्र मायचं ऐकायचा. तिने दारात नळ मागितला, पुढच्या उन्हाळ्याच्या आत नळ आला. बाबांची तंबाखू सुटू दे म्हणाली, दिवाळीपर्यंत डबी घरातून गेली. एकदा सोन्याच्या पाटल्या मागितल्या, त्या काही मिळाल्या नाहीत, पण संक्रांतीला मोरपंखी लुगडं आलं. “देवबी कधीकधी हात आखडता घेतो,” माय म्हणाली. मी दहावी झाले तेव्हा मला नांदेडला शिकायला ठेवावं की नाही यावर घरात महिनाभर काहीच ठरत नव्हतं. माय त्या मंगळवारी खाली बसून म्हणाली, “पोरगी हुशार हाय. तिला शिकू दे. तिच्या बापाला बुद्धी दे.” आठ दिवसांत बाबांनी माझी ट्रंक रंगवून आणली. “बघ,” माय मला म्हणाली, “तुझे बाबा माझं न्हाई ऐकत. देव ऐकतो.” बाबा समोर बसून ट्रंकेच्या कडीला तेल घालत होते.

आता माफीचं. बाबांच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. फार तर पाच-सहा महिने. श्रावण तोंडावर आला होता. मीच ठरवलं की बाबांना सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं. माय म्हणाली होती, “माणसाला त्याचं सांगावं. त्याला काही बोलायचं असतं.” मी तिला गप्प केलं. माझी शपथ घातली. मी शिकलेली, पुण्यात राहणारी, माझ्यापुढे तिचं काय चालणार? बाबा मार्गशीर्षात गेले. शेवटपर्यंत अल्सरच्या गोळ्या म्हणून गोळ्या घेत राहिले. आम्ही त्यांना खोट्यातच पाठवलं, हे मायच्या मनातून गेलं नाही. माझ्याही.

तर आम्ही निघालो. गाइड चाळिशीचा, आखाडा बाळापूरचा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वसमत मागे पडल्यावर त्याने घसा साफ केला आणि पाठ केलेलं सुरू केलं. “आता आपण आपल्या डाव्या बाजूस हळदीचे पीक पाहू शकता.”

“हळद मला दाखवून राहिला का रे बापू?” माय म्हणाली. “निंदून निंदून कंबर गेली माझी.”

तो ओशाळला. “माय, मला ते बोलावंच लागतं. न्हाई बोललो तर लोक म्हणतात, गाइडनं काहीच न्हाई सांगितलं.”

“मग बोल. आमी ऐकतो.”

त्यानंतर त्यांचं जमलं. औंढ्याला पोचेपर्यंत तो तिला गाव, भाव, रस्ते सगळं सांगत होता. देवळाला वळसा घालताना त्याने देऊळ फिरल्याची गोष्ट सांगितली. समोरून हाकललेला भक्त मागे जाऊन बसला, देव त्याच्याकडे वळला, आणि नंदी जिथल्या तिथे मागे राहिला. माय म्हणाली, “बराबर.” तिने दिलेली ही सर्वात मोठी पदवी.

सभामंडपात त्या दिवशी जेमतेम दहा-बारा माणसं होती. माय त्या तोंडाशी गेली, वाकून पहिली पायरी बघितली, पाय पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पुन्हा केला, पुन्हा मागे घेतला. मी तिचा दंड धरला होता.

“न्हाई जमत,” ती म्हणाली. मायच्या तोंडून हे दोन शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. मला रडूच आलं.

गाइड कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. ती कुठे ठेवायची ते मायनेच दाखवलं. त्याच खांबाला लागून. ती बसली, माझी पर्स आणि आमची पिशवी मांडीवर घेतली.

“तू जा,” ती म्हणाली. “माझ्या वतीनं सांग. तोंडानं सांग, मनात न्हाई.”

मी देवाशी गेली कित्येक वर्षं बोललेली नाही. पण त्या खुर्चीतल्या बाईला नाही म्हणणं शक्य नव्हतं. तोंड पायऱ्यांकडे केलं आणि उतरले. तिसऱ्या पायरीवर डोकं आपटलं. खाली एक जोडपं दर्शन घेऊन उठत होतं, ते गेलं. पुजारी कोपऱ्यात बेलाची पानं निवडत होता. मी पिंडीवर हात ठेवला. तोच वास. लाज वाटत होती, तरी मी मोठ्याने बोलले.

“मायनं पाठवलंय. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. बाबांना आम्ही खोटं सांगितलं त्याची ती माफी मागते. पण तिचा दोष नाही. तिला सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही बाहेर पडलं. “बाबांनी मला एकदा फोन करून विचारलं होतं. श्रावणाच्या आधी. मला नेमकं काय झालंय ते तू तरी खरं सांग, म्हणाले. मी म्हणाले, अल्सर आहे. ते बरं म्हणाले. परत कधीच विचारलं नाही त्यांनी. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून.”

रुमालाचं टोक ओलं करून मी वर आले. मायच्या डोळ्यांना ते लावायला वाकले तर तिने माझा हात धरून ठेवला.

“तुला इचारलं होतं त्यांनी? हे तू मला न्हाई सांगितलं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“ऐकलं. सगळं ऐकलं. कानापाशी बोलून राहिली असं.”

मी म्हटलं, शक्य नाही. गाइड दहा पावलांवर उभा होता, त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं. मायने त्याला जवळ बोलावलं. “बापू, खाली जा. देवाला काय मागायचं ते माग. मोठ्यानं नको, साधं बोल.”

तो खाली गेला. मी मायच्या खुर्चीपाशी खांबाला कान लावून उकिडवी बसले. खालून त्याचा आवाज आला, स्पष्ट, शब्दन् शब्द. त्याची बायको रुसून माहेरी गेली होती, आणि ती लवकर परत यावी, असं त्याचं मागणं होतं. तो वर आल्यावर माय म्हणाली, “मग जाऊन घेऊन ये की. देवाला कशाला तकलीफ?”

त्याचं तोंड उघडंच राहिलं. “एवढी वर्सं लोकान्ला हे देऊळ दाखवून राहिलो,” तो म्हणाला, “हे मला ठावं न्हवतं.”

मायला हसू फुटलं. आधी नुसतं खांदे हलले, मग ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. “नळ,” ती म्हणाली. “तंबाखू. तुझी ट्रंक. आन ते लुगडं गं! मी म्हणायची, देवाला माझा मोरपंखी रंग कसा ठावा. पाटल्या झेपल्या न्हाईत माणसाला, लुगडं आणलं.” मीही हसत होते. बाबा या खांबाला टेकून बसलेले मला दिसत होते, मांडीवर पिशव्या घेतलेले, ऐकून घेणारे. इतकं प्रेम मला त्यांच्याबद्दल ते जिवंत असताना वाटलं होतं का, मला सांगता येणार नाही.

मग माय हसायची थांबली. ती त्या काळ्या तोंडाकडे बघत होती.

“त्या सालीबी ते इथंच बसले होते,” ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. बाबांच्या शेवटच्या श्रावणातल्या त्या मंगळवारी मीही होते, बाहेर फोनवर बोलत उभी. माय खाली एकटी गेली होती.

“मी सगळं बोलले. आजाराचं नाव घेऊन बोलले. डॉक्टरनं किती दिवस दिलेत तेबी. माझं आयुष्य काढून त्यांना दे म्हणाले. वर आले तर त्यांचे डोळे लाल. धूर गेला म्हणाले. त्यांनी इचारलं, चहा घ्यायचा ना?”

परत कधीच विचारलं नाही त्यांनी, असं मी आत्ताच खाली बोलून आले होते. ते का विचारलं नाही, हे आता मला कळलं.

गाइड पाठ फिरवून नंदीच्या बाजूला गेला. शहाणा माणूस. मी खुर्चीशी खाली बसून मायच्या मांडीवर डोकं ठेवलं, पिशवीसकट. तिने माझ्या केसांतून हात फिरवला, आणि बोलली, माझ्याशी नाही, खांबाशी बोलावं तसं.

“दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्यांनी मला टाकी बदलायला शिकवली. भरलेली होती टाकी. उगाच काढली, आन मला परत लावायला लावली. तीनदा.”