त्या दिवशी प्रभू जेवला कुठे?

झावळ्यांच्या रविवारी आमची सगळी मंडळी हात उंचावून 'होसान्ना' म्हणत असायची, तेव्हा मेट्रनबाई आपली झावळी खाली धरून लोकांचे चेहरे बघत उभ्या असायच्या. ओठ हलायचे नाहीत, डोळे मात्र सारखे फिरायचे. कोण नवीन आलंय, कोण एकटंच उभं आहे, कोणाचा शर्ट बिनइस्त्रीचा आहे. बडोद्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये त्यांनी उभा जन्म काढला, पण त्यांना होसान्ना म्हणताना कोणी ऐकलं नव्हतं. त्याबद्दल त्यांच्या माघारी बरंच बोललं जायचं, विशेषतः ज्यांचे आवाज मोठे होते त्यांच्याकडून.

ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. येशू ख्रिस्त यरुशलेम शहरात शेवटचा आला तो गाढवाच्या शिंगरावर बसून. लोकांनी वाटेवर आपले अंगरखे अंथरले, झावळ्या हलवल्या, राजा आला म्हणून घसे फोडले. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी त्याला वधस्तंभावर खिळलं, तेव्हा हे घसे फोडणारे कुठे होते ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. आम्ही दरवर्षी त्या स्वागताची आठवण करतो. डभोईकडचे एक सभासद टेम्पो भरून खजुरीच्या झावळ्या आणतात. आवारातून फेरी निघते. पोरं एकमेकांना झावळ्या टोचतात, मोठी माणसं मोबाइलवर फोटो काढतात, आणि पाळकसाहेब उपदेशात विचारतात, की आपण त्या गर्दीत असतो तर काय केलं असतं? दरवर्षी आम्ही गंभीर चेहरे करून हा प्रश्न ऐकतो आणि साडेअकराला घरी जातो.

मेट्रनबाई एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी हुद्दा नावाला चिकटून राहिला. लग्न केलं नव्हतं. कारेलीबागेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, घरात एक हिंचका, म्हणजे झोपाळा, आणि सहा माणसांचं जेवणाचं टेबल. एकट्या बाईला सहा माणसांचं टेबल कशाला, असं त्यांना कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "आठांचं दारातून आत येईना."

एका बुधवारच्या शास्त्राभ्यासाला आमचे त्या वेळचे पाळकसाहेब, नुकतेच शिकून आलेले, फळ्यावर बाण काढून या स्वागताचा अर्थ सांगत होते. नम्र राजा, शांतीचा राजा, संदेष्ट्यांनी आधीच सांगितलेलं सगळं. बाईंनी हात वर केला. "साहेब, हे समजलं. पण त्या दिवशी प्रभू जेवला कुठे?"

साहेब गोंधळले. बाई म्हणाल्या, "लिहिलंय ना, देवळात जाऊन त्याने सगळं पाहिलं आणि संध्याकाळ झाली म्हणून शहराबाहेर बेथानी गावाला परत गेला. एवढ्या शहराने राजा म्हणून आणला आणि एकानेही घरी चल म्हटलं नाही?"

"बेथानीत त्यांच्या ओळखीच्या दोघी बहिणी होत्या, बाई. तिथे जेवले असतील."

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेत त्याला भूक का लागली? तेही लिहिलंय. अंजिराच्या झाडापाशी गेला बिचारा, तर त्यालाही फळ नव्हतं." मग त्यांनी आपलं अनुमान सांगितलं. "त्या बहिणींना वाटलं असणार, एवढं स्वागत झालंय, जेवूनच आला असेल. विचारलंही असेल. आणि तो म्हणाला असेल, झालंय माझं." साहेबांनी घड्याळ पाहून शेवटची प्रार्थना सुरू केली. त्या दिवसापासून बाईंच्या घराला मंडळीत 'बेथानी' नाव पडलं, ते थट्टेने पडलं.

मी बडोद्यात आलो तो एका कारखान्यात नोकरीला. वय तेवीस, गाव नगरकडचं, खोली नागरवाड्यात. पहिल्यांदा चर्चला गेलो तो योगायोगाने झावळ्यांचाच रविवार होता. उपासना संपताना 'नवीन आलेल्यांनी कृपया उभं राहावं' अशी सूचना झाली. मी उभा राहिलो. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, स्वागताचं गाणं म्हटलं. घर सोडल्यापासून माझ्याकडे एवढ्या लोकांनी एकदम पाहिलं नव्हतं, मला भरून आलं. बाहेर आल्यावर सहा-सात जणांनी हात मिळवून 'परत या हं' म्हटलं आणि स्कूटरी चालू केल्या. पाच मिनिटांत आवारात मी, झावळ्यांचा ढीग आणि मेट्रनबाई एवढेच उरलो.

"जेवण?" बाईंनी विचारलं.

"आहे ना. खोलीवर करून ठेवलंय."

"काय केलंयस?"

खोलीवर काहीच केलेलं नव्हतं. दीड महिना मी पावावर काढत होतो.

"चालो, बेस रिक्षात," बाई म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. "जेवून आलोय म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. कसं वाटतंय विचारलं की सगळे पेशंट बरं आहे म्हणतात. हात लावून बघायचं असतं." माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं असेल, पण पुढे कायम मला 'नगरवाला' म्हणूनच हाक मारली.

आता खरं सांगायचं तर बाईंचा स्वयंपाक वाईट होता. फारच वाईट होता. जन्मभर वॉर्डातल्या पथ्याच्या जेवणावर देखरेख केल्याचा तो परिणाम असावा. वरणाला रंग होता, बाकी काही नव्हतं. भात चमच्याने कापावा लागायचा. मीठ त्या कशातच घालत नसत. मीठ टेबलाच्या मधोमध वाटीत असायचं, कारण 'कोणाला रक्तदाब असतो, आपल्याला काय माहीत'. मी पहिल्या दिवशी तीन वेळा वाढून घेतलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत माझ्यासारखे कितीतरी त्या टेबलाशी बसलेले मी पाहिले. रेल्वेत लागलेला जळगावचा मुलगा, दोन शिकाऊ नर्सेस, नवऱ्याशी भांडून आलेली एक बाई, एकदा तर चर्च बघायला आत शिरलेले आणि चुकून उभे राहिलेले एक नागर ब्राह्मण गृहस्थ. त्यांनीही पथ्याचं वरण मुकाट्याने खाल्लं.

तुम्ही होसान्ना का म्हणत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं. हिंचक्यावर बसून त्या शेंगा सोलत होत्या. "त्याचा अर्थ ठाऊक आहे? 'आम्हाला वाचव.' वॉर्डात एकाने अशी हाक मारली तर आम्ही धावायचो. इथे दोनशे जण एकदम मारतात. मग कोणीतरी गप्प राहून ऐकायला नको?" एवढं बोलून त्यांनी मलाही सोलायला शेंगा दिल्या.

पुढे माझं लग्न झालं, फ्लॅट झाला, मी मंडळीच्या कमिटीत गेलो. कमिटीतले निम्मे लोक बाईंच्या टेबलाशी जेवून गेलेले होते. पण आमच्यापैकी कोणी कधी एखाद्या नवख्याला घरी नेल्याचं मला आठवत नाही. मी तर नक्कीच नेलं नाही. टाळ्या मात्र मनापासून वाजवायचो. नेणारी बाई होती ना, मग आपण कशाला मध्ये पडायचं?

दोन-तीन वर्षांपूर्वी बाई न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा हात मोडला. हाताला प्लास्टर, तेही कोपरापर्यंत. शेजारच्या जसुबेन सकाळ-संध्याकाळ रोटल्या आणि भाजी आणून द्यायच्या. बातमी कळल्यावर आमच्या कमिटीने तातडीची बैठक घेतली आणि बाईंचा सत्कार करायचं ठरवलं. झावळ्यांचा रविवार जवळ होता, गर्दी आयतीच होती. आतिथ्यसेवेबद्दल शाल आणि काचेचं मानचिन्ह. भाषण कोण करणार, तर मी.

भाषण चांगलं झालं. ते मी लिहून काढलं होतं, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पाव, नागरवाड्याची खोली, 'बेस रिक्षात' हे सगळं मी सांगितलं. वरणाचा उल्लेख केला, लोक हसले. मग जरा आवाज उतरवला, लोक रडले. सगळी मंडळी उभी राहिली, कोणीतरी झावळी हलवली, मग सगळ्यांनीच हलवल्या. बाई प्लास्टरचा हात पोटाशी धरून पहिल्या बाकावर बसल्या होत्या, खांद्यावर शाल, मांडीवर मानचिन्ह, आणि त्यांचे डोळे सवयीप्रमाणे मागच्या रांगांतून फिरत होते.

उपासना सुटल्यावर माझं अभिनंदन करायला लोक थांबले, त्यात थोडा उशीर झाला. सासुरवाडीला जेवायला जायचं होतं, बायको गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. फाटकापाशी बाई दिसल्या.

"बाई, जेवणाचं काय आज?" मी चालता चालता विचारलं.

"झालीय रे सोय. तू नीघ."

मी विश्वास ठेवला. खरं सांगतो, ठेवायला मला आनंदच झाला. एवढा सत्कार झालाय, कोणीतरी नेणारच, असा विचारही केला, आणि निघालो.

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी बाईंना फोन केला. कशासाठी, तर भाषण कसं वाटलं ते विचारायला.

"छान झालं," बाई म्हणाल्या. मग हसल्या. "नगरवाला, एक सांगू? सकाळी भूक लागली."

मला अर्थ कळला, पण कळला नसता तर बरं झालं असतं. हळूहळू विचारून काढलं. फाटकापाशी रिक्षावाल्याने शाल आणि मानचिन्ह आत ठेवून दिलं, बाई एकट्याच घरी आल्या. जसुबेन संध्याकाळी घरी नसणार होत्या, म्हणून दुपारीच डोकावून गेल्या होत्या. शाल बघून त्यांना केवढा आनंद झाला. "आजे तो तमारो मोटो प्रोग्राम हतो ने, जमीने ज आव्या हशो!" एवढा कार्यक्रम होता, जेवूनच आला असाल, असं त्यांनी धरलं, आणि बाई त्यांनाही हो म्हणाल्या.

"अहो, काहीतरी असेल ना घरात?"

"बिस्किटं होती. पण डब्याचं झाकण एका हाताने निघेना." त्या पुन्हा हसल्या. "मी तेव्हा त्या बहिणींबद्दल बरोबर बोलले होते, बघ."

त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. बायकोने घाईघाईने वरण-भात केला, तो घेऊन कारेलीबागेत गेलो. बाईंना डाव्या हाताने जेवता येत नव्हतं, मी भरवलं. मला माझी लाज वाटत होती, आणि ती अजून गेलेली नाही. बाईंनी चार घास खाल्ले आणि म्हणाल्या, "मीठ जास्त पडलंय."

ईस्टरनंतर नाशिकचा पुतण्या त्यांना घेऊन जायला आला. तिथेच त्या पावसाळ्यात गेल्या. शोकसभेत मला पुन्हा बोलायला सांगण्यात आलं, मी नाही म्हणालो. लोकांना तो माझा विनय वाटला.

त्या नाशिकला निघाल्या त्या सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी आम्ही वीस-पंचवीस जण जमलो होतो. कोणी गुच्छ आणला होता, कोणी फोटो काढत होतं. पुतण्याने गाडी चालू केली. मी खिडकीपाशी गेलो आणि विचारलं, "बाई, काही खाल्लंत?"

"हो रे, झालं माझं. आवजो."

मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. झाकण घरूनच सैल करून आणलं होतं. बाईंनी डाव्या हाताच्या अंगठ्याने ते उचलून पाहिलं, आतला वास घेतला, आणि गर्दीकडे न बघता मला विचारलं, "मीठ?"

"वेगळं बांधलंय," मी म्हणालो.