हसणाऱ्याचं स्टूल

मंगलताई गेल्या तेव्हा मी नेवाशाच्या एका छापखान्यात होतो. समोर ओल्या शाईची पत्रकं वाळत होती, आणि ताईंच्या विद्यार्थिनीचा, सारिकाचा फोन आला. "दादा, ताई फळ्यापुढंच खाली बसल्या... उठल्याच न्हाईत." त्या पत्रकाचा मसुदा ताईंनीच दोन ठिकाणी कापला होता. "काय पत्रकवाले, शिव्या कमी करा, पुरावा घाला," असं म्हणाल्या होत्या. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन स्वच्छ असावं म्हणतात. माझं नाही. मी हे रागाने लिहितोय, आणि पुरावा घालून लिहितोय.

सोनईजवळच्या आमच्या वस्तीत, विहाराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत ताई रोज संध्याकाळी इंग्रजी शिकवायच्या. फुकट. त्याआधी त्या शहरातल्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत नोकरी मागायला गेल्या होत्या. त्या संस्थेच्या चेअरमनचं नाव मी लिहिलं होतं, संपादकांनी काढायला लावलं. हरकत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. आपण त्यांना साहेब म्हणू. साहेबांनी आधी आडनाव विचारलं, मग पाठ घ्यायला लावला. ताईंचं इंग्रजी बिनचूक होतं, पण सूर आमच्या मातीचा. दोन वाक्यं झाली असतील नसतील, साहेब सगळ्या शिक्षकांसमोर हसले. "बाई, हे इंग्रजी सोनईच्या बाजारात चालेल!" मग बाकीचेही हसले. नोकरी मिळाली नाहीच. साहेब स्वतः इंग्रजीत एक शब्दही बोलले नव्हते. हसले तेही मराठीतच.

ताईंनी घरी येऊन रडारड केली नाही. पत्र्याच्या खोलीत एक लोखंडी स्टूल आणून ठेवलं आणि कायदा केला. दुसऱ्याच्या इंग्रजीला जो हसेल त्यानं या स्टुलावर बसायचं आणि समोर जे दिसतं ते इंग्रजीत सांगायचं. पाठ केलेलं चालणार नाही. पहिल्या महिन्यात स्टूल कधी रिकामं नव्हतं. मीही बसलोय. समोर दिसणारी साधी खिडकी सांगताना घाम फुटतो हो! पण त्या घामातच भाषा येते, असं ताईंचं म्हणणं. "व्याकरणानं कुणाचं इंग्रजी मेलं न्हाई. हसण्यानं मेलं."

सारिकाचे आईबाप ऊसतोडीला देवळाली प्रवराकडे जातात. पोरगीही बरोबर जायची. "ताई, आता मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "जमंल. मोबाईल हाय ना? समोर काय दिसतं ते बोल, आन् पाठव." उसाच्या फडातून रोज मोबाईलवर सारिकाचा आवाज यायचा : माय मदर इज कटिंग केन, द ट्रॅक्टर इज नॉट कमिंग... ताई भाकरी थापता थापता ऐकायच्या. चुका लगेच सांगायच्या नाहीत. आधी कालचं स्वतःचं बोलणं ऐक, मगच आजचं बोल, एवढीच अट. कालची चूक पोरगी आज स्वतःच पकडायची. एकच छोटं इंग्रजी बातमीपत्र आठवडाभर लावायचं आणि निवेदकाच्या मागोमाग, त्याच्याच वेगानं बोलायचं. खताच्या गोणीवर, औषधाच्या पाकिटावर इंग्रजीत जे छापलंय ते मोठ्यानं वाचायचं. सुटा शब्द पाठ करायचा नाही, त्याचं स्वतःच्या घरातलं एक वाक्य करायचं. एवढंच. याला ना एसी लागतो ना टाय.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, साहेब आले. गाडीतून उतरले ते फ्लेक्स घेऊनच, तो दारावर बांधूनही टाकला. वर ताईंचा फोटो, खाली 'मंगल मॅडम पॅटर्न, प्रवेश सुरू'. जिला दारातून हाकललं तिच्याच तोंडावर फी लावायची! माईक घेऊन म्हणाले, "मॅडम आमच्याच परिवारातल्या. त्यांचा वर्ग आता आमची संस्था चालवेल. ही खोली तर पडायलाच आलीय." लोकांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसापुढे आपले लोक मान डोलावतातच. माझ्या तोंडात शिवी आली होती, पण ताई आठवल्या. तेवढ्यात सारिका उठली आणि इंग्रजीत बोलू लागली. हा वर्ग आमचा आहे, आम्हीच चालवू, असं ती सांगत होती. सूर तोच, आमचा. आणि साहेब... शेजारच्याच्या कानाशी वाकून हसले.

ताईंच्या आईने पाहिलं. येसाबाई सत्तरीच्या पुढच्या. उठल्या, स्टूल ओढत आणलं आणि साहेबांपुढे ठेवलं.

"सायेब, आमच्यात हसनाऱ्याला हितं बसावं लागतं."

"अहो आजी, ही वेळ आहे का?"

"माझ्या मंगलनं कुनाची वेळ पाह्यली न्हाई. बसा."

सगळी पोरं उभी राहिली. साहेब हसत हसत बसले, "लेडीज अँड जंटलमन" म्हणाले आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. सारिकाने थांबवलं. "नो सर. व्हॉट इज इन फ्रंट ऑफ यू?" समोर ताईंचा हार घातलेला फोटो होता. साहेब म्हणाले, "धिस इज..." आणि थांबले. इंग्रजी आलं नाही की जीभ उचलली नाही, मला माहीत नाही. मला कीवही आली नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, उठले आणि गेले. फ्लेक्स पोरांनी उतरवला. पावसात खोलीचा पत्रा गळायचा, तिथे तो उलटा करून ताणलाय.

वर्ग आता सारिका चालवते. साहेबांच्या शहरातल्या क्लासमध्ये जो पॅटर्न विकला जातोय तो मी वर सगळा फुकट लिहून टाकलाय. कापून ठेवा, शेजाऱ्याला द्या, पत्रक म्हणून वाटा. माझा सूड एवढाच, आणि तो मी जिल्हाभर उगवणार आहे.

अलीकडे वर्गात कुणी हसत नाही, त्यामुळे स्टूल रिकामंच असतं. पोरं म्हणतात, अडचण होते, कोपऱ्यात सरकवू. मी सरकवू देत नाही. ते दाराकडे पाठ करून, ताईंच्या फोटोसमोरच राहील. साहेबांचं वाक्य अजून पुरं व्हायचंय.