टायपिंगच्या बाई आणि तीन अक्षरं

बाईंनी उभा जन्म टायपिंगचा क्लास चालवला. मुलांनी न बघता टाइप करावं म्हणून मशीनच्या बटणांवर फडकं टाकायच्या आणि कोण ते उचलून डोकावतंय, हे मागे उभ्या राहून बघायच्या. समोरचा लबाडी करतोय, हे त्या धरूनच चालायच्या. क्लास बंद पडला, मशीनं भंगारात गेली, नजर मात्र तशीच राहिली.

दर बुधवारी दुपारी वाचनालयात एक खेळ चालायचा. ग्रंथपाल पत्र्याच्या डब्यात हात घालून पुठ्ठ्यावर लिहिलेली तीन इंग्रजी अक्षरं काढायचा, आणि ती तिन्ही ज्यात येतील असा इंग्रजी शब्द सगळ्यांनी शोधायचा. ज्याचा शब्द सर्वांत लांब, तो जिंकला. बाई आठवत बसायच्या नाहीत. नुसती टेबलावर बोटं चालवायच्या आणि शब्द बोटांतून यायचे. जिंकायच्याही त्याच. दुसऱ्या कुणी लांब शब्द सांगितला, तर त्याचा कागद ओढून घेऊन एकेक अक्षर तपासायच्या.

अशात चष्म्याचं दुकान मुलाच्या हवाली केलेले एक गृहस्थ तिथे यायला लागले. त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणायचे. थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून कानात मशीन होतं. पहिले काही आठवडे ते गप्प बसून हरले. मग एकदा वाय, पी आणि एच निघाले. बाईंनी ‘हायपोथेटिकल’ लिहिला, बारा अक्षरांचा. चष्मेवाल्यांनी हळूच कागद पुढे सरकवला. त्यावर ‘फिजिओथेरपी’ होता. तेरा.

“सुचला आपला,” ते म्हणाले.

पुढच्या बुधवारीही त्यांना सुचला. त्याच्या पुढच्याही. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“त्या कानातल्या मशीनमधून कुणीतरी शब्द सांगतंय त्याला,” त्या घरी सुनेला म्हणाल्या. “आजकाल फोन जोडतात म्हणे त्याला.”

“आई, खेळ आहे तो. तिथे कुणाला बक्षीस मिळतंय?”

“बक्षीस नाही, तरी लबाडी करतोय. म्हणजे बघ कसला माणूस असेल!”

पुढच्या बुधवारी बाई मुद्दाम चष्मेवाल्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. ग्रंथपालाने डबा उघडला तशा म्हणाल्या, “चष्मेवाले, जरा ते मशीन काढून ठेवा.”

सगळे चपापले. चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. “अहो बाई, मग मला कुणाचं बोलणं ऐकू कसं येणार?”

“अक्षरं लिहून दाखवू की आम्ही.”

त्यांनी मुकाट्याने मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि खाली मान घालून बसले. ग्रंथपाल जरा घुटमळला, मग त्याने पुकारा केला, “व्ही, डब्ल्यू, जी.” बाईंनी ती अक्षरं दाखवायला कागद उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. चष्मेवाले कधीच लिहून मोकळे झाले होते. ‘ओव्हरव्हेल्मिंगली’. व्ही होता, डब्ल्यू होता, जीसुद्धा होता.

ऐकू तर काहीच आलं नव्हतं.

बाईंनी मशीन त्यांच्या हातात दिलं. ते कानात बसेपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, “अक्षरं तुम्हाला कुणी सांगितली?”

“ग्रंथपालांनी. काल फोनवर. मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा आधी सांगून ठेवतो म्हणाले. सगळ्यांनाच सांगतो म्हणाले.” बोलता बोलता त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “तुम्हाला... नाही सांगत?”

ग्रंथपाल लालबुंद झाला. तीन अक्षरं तो आधीच मुठीत धरून डब्यात हात घालत होता.

“काय करू मग?” तो एकदम उसळला. “निम्मी माणसं यायची बंद झाली, बाई! हरतात म्हणून नाही. तुम्ही कागद हिसकावून घेता म्हणून. म्हटलं, एकदा कुणीतरी तुम्हाला हरवू दे.”

बाई पिशवी उचलून तडक घरी आल्या. पुढचे दोन बुधवार त्या फिरकल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात चष्मेवालेच त्यांच्या दारात उभे राहिले.

“मला खरंच ठाऊक नव्हतं, बाई.”

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “बसा. फोन त्या कपाटावर ठेवा. मशीन राहू दे.”

सुनेने डोळे मिटून इंग्रजी वर्तमानपत्रावर तीनदा बोट टेकवलं, त्याखाली येतील ती अक्षरं. चष्मेवाले पहिल्यांदा सपशेल हरले, दुसऱ्यांदाही. सून चहा घेऊन आली तेव्हा ते चौथा डाव खेळत होते आणि त्यात त्यांचा शब्द बाईंच्या शब्दापेक्षा एका अक्षराने लांब निघाला. बाईंनी तो तीनदा मोजला. मग शब्दकोश उघडून पाहिला. मग सुनेकडे रोखून पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय, आई?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या, आणि कागद चष्मेवाल्यांना परत दिला. हिसकावला नव्हता, मागून घेतला होता.

बुधवारी दोघं वाचनालयात गेली. ग्रंथपालाने मान खाली घालून माफी मागितली. बाईंनी “ठीक आहे” एवढंच म्हटलं आणि डबा स्वतःकडे ओढून टेबलावर पालथा केला. सगळी अक्षरं उलटी मांडली, आता ज्याची पाळी त्याने उचलायची. हळूहळू गेलेली माणसं परतली. बाई आता अधूनमधून हरतात. पण कुणी लांब बाह्यांचा सदरा घालून आलं, तर त्याच्या शेजारची खुर्ची त्यांचीच.