भावाचे कपडे

लातुरात क्लासेसच्या गल्लीत एका बाईचं टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर ती पोरांच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. माझी बालकादंबरीही तिच्याकडेच दिली होती. प्रत्येक वाक्य ती आधी पुटपुटते. पटलं नाही तर कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवते आणि पंख्याकडे बघत बसते. बोलत मात्र नाही, आपणच विचारायचं.

माझी नायिका निजामाच्या काळातली. भावाचं धोतर नेसून, पटका बांधून ती घोडीवरून चिठ्ठ्या पोचवते. सगळी कादंबरी त्या वेषांतरावरच उभी होती. नेमके तिथंच टायपिंगवाल्या ताईचे हात मांडीवर गेले.

"काय झालं, ताई?"

"घोडीवर बसाया भावाचे कपडे कशाला लागत्यात, सर? आमची आजी लुगड्याचा कासोटा घालून बसायची. बाजाराला बी तशीच जायची."

"अहो, पण मुलगी आहे हे लोक ओळखतील ना!"

"मग ओळखू द्या की."

मला रागच आला. दीडशे पानं लिहून झाली होती. ती मात्र शांतपणे पंख्याकडे बघत राहिली.

शेवटी मीच पेन काढलं आणि धोतर-पटका खोडला. तेव्हा कुठे तिचे हात कीबोर्डवर आले.