न दिसणारं झाकण

गेवराईच्या आमच्या घराचं बाथरूम नवं करायला आलेला मिस्त्री एक टाइल बसवली की दोन पावलं मागं सरायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्या डोळ्यानं मुलगी पाहायला आल्यासारखा तिच्याकडं बघायचा.

बांधीव टबाची हौस माझी. प्लंबरनं बजावलं होतं, "टबाखालचा पाइप गळला तर हात घालायला बाजूची एक टाइल उघडती ठेवा." मिस्त्रीच्या ते जिव्हारी लागलं.

"कावून सर? एवढ्या देखण्या भिंतीला भगदाड?"

"झाकण पाहिजेच," मी म्हणालो.

"ठेवतो. पण दिसणार न्हाई."

सांधा असो, डाग असो, त्याचं उत्तर हेच. आणि खरंच काही दिसायचं नाही.

दिवाळीनंतर टबाखालून पाणी यायला लागलं. प्लंबरला झाकण सापडेना, म्हणून मिस्त्रीला बोलावलं. त्यानं नाण्यानं एकेक टाइल वाजवली, कान लावला, पुन्हा वाजवली. आमचे पाय भिजत होते. शेवटी तो उठला, मागं सरला, एक डोळा मिटला आणि हळूहळू हसायला लागला.

"सर, मलाच सापडंना."

इतकं समाधान मी नव्या नवरदेवाच्या तोंडावरही पाहिलं नव्हतं.

"मग आता कुठलीही एक फोडा," मी म्हणालो.

त्यानं हातोडा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मग तो माझ्या हातात देऊन त्यानं भिंतीकडं पाठ केली.

"तुमीच मारा सर. माझ्यानं न्हाई व्हायचं."